दंतवैद्य घराजवळचा, नांव यादींतलें

कुटुंबांतील आजारांची जर मानाप्रमाणें पंगत मांडली, तर दांतदुखीचें पान अगदीं शेवटीं, दरवाजाजवळ मांडावें लागेल. ताप आला कीं थर्मामीटरची शोधाशोध होते, छातींत कळ आली कीं शेजारीपाजारी धांवून येतात. परंतु दांत दुखूं लागला तर घरांतील एखादें वडील माणूस लवंगेची डबी पुढें करतें आणि दुखणेकरी ती लवंग दाढेखालीं धरून आपल्या कामाला लागतो. ‘लागतो’ म्हणण्यापेक्षां ‘लागते’ म्हणणें अधिक सत्यास धरून होईल. मुलाचा दांत दुखला तर त्याला त्याच संध्याकाळीं डॉक्टरकडे नेतात. कर्त्या पुरुषाचा दुखला तर रविवारपर्यंत थांबतात. पण सुनेचा किंवा सासूबाईंचा दुखला तर तो रात्रीं झांकपाक झाल्यावरच दुखावा, अशी आपल्या घरांची एक न बोललेली अपेक्षा असते. आजी तर ‘आतां किती दिवस राहिलेत या दांतांचे!’ असें म्हणून मुकाट्यानें मऊ भातावर येते, आणि तिचें खाणें कमी झालें आहे ही गोष्ट तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकूं लागल्यावर मंडळींच्या ध्यानांत येते.

लवंगेची आम्ही निंदा करीत नाहीं. तिच्या तेलांत युजेनॉल नांवाचें द्रव्य असतें. त्यानें दुखरा भाग कांहीं वेळ बधिर होतो, आणि दंतवैद्यहि आपल्या कांहीं मसाल्यांत तें वापरतात. परंतु लवंग वेदना झांकते, कीड थांबवीत नाहीं. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवण्याची जी रीत कित्येक घरांत आहे, तिनें तर तोंडांतील नाजुक त्वचा भाजून निघते आणि एका दुखण्याचीं दोन होतात. गालावर सूज, अंगांत ताप, तोंड उघडण्यास अगर गिळण्यास त्रास, श्वास कोंडल्यासारखा वाटणें, हीं चिन्हें दिसलीं तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. दाढेंतला पू जबड्याखालीं मानेकडे उतरला म्हणजे तें दुखणें दांताचें राहत नाहीं, जिवाचें होतें.

अशा वेळीं दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: जावें कोणाकडे, आणि पैसे देणार कोण? या दोहोंचीं उत्तरें दोन याद्यांत असतात. पहिली यादी दंतवैद्यांची, कायद्यानें ठेवलेली. दुसरी विमा कंपनीजवळची, तुमच्या घरांतील माणसांची. दुर्दैवानें पहिली यादी कोणी उघडून पाहत नाहीं, आणि दुसरी रुग्णालयाच्या खिडकीपाशीं उभें राहिल्यावरच पाहतात. म्हणून घरांत कोणाचाहि दांत दुखत नसतांना या याद्या कशा पाहाव्या, एवढ्याचपुरतें यावेळचें सदर आम्ही लिहीत आहों.

आपल्या देशांत दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीं झाला. त्यापूर्वीं बंगालमध्यें १९३९ सालीं असा एक कायदा झालेला होता. इतरत्र मात्र ज्याच्या हातीं चिमटा तो दंतवैद्य, अशीच बहुधा स्थिति असे. नव्या कायद्यानें प्रत्येक प्रांतांत नोंदवही उघडली आणि तिचे दोन भाग केले. ज्यांनीं मान्य संस्थेंतून शिक्षण घेतलें त्यांचीं नांवें पहिल्या भागांत. आणि ज्यांच्याजवळ पदवी नव्हती, परंतु निदान पांच वर्षें याच धंद्यावर जे पोट भरीत होते, त्यांचीं दुसऱ्या भागांत. जुन्या माणसांचा घास एकदम काढून न घेतां नव्या पिढीला शिस्त लावण्याची ही युक्ति आम्हांस तरी समंजसपणाची वाटते. १९४९ सालीं भारतीय दंत परिषद स्थापन झाली. २०२३ सालीं संसदेनें या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठीं राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. कायदा कोणताहि घेतला तरी नोंदवहींत नांव असल्यावांचून हा व्यवसाय करतां येत नाहीं, हें सूत्र एकच आहे.

आपल्याकडे ही नोंदवही महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते. दंतवैद्यांच्या आचारसंहितेप्रमाणें प्रत्येकानें आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यांत ठळकपणें लावावयाचा असतो, आणि औषधाच्या चिठ्ठीवर व पैशांच्या पावतीवरहि तो घालावयाचा असतो. तेव्हां प्रथम दवाखान्यांत शिरल्यावर भिंतीकडे पाहावें. क्रमांक दिसला नाहीं तर विचारावा. विचारण्यांत कसलाहि उद्धटपणा नाहीं. सोनाराकडे हॉलमार्क पाहतांना आपण लाजत नाहीं, मग जो आपल्या जबड्यांत यंत्र घालणार त्याचा क्रमांक विचारतांना संकोच कां वाटावा? चांगला दंतवैद्य या प्रश्नानें रागावत नाहीं. जो रागावतो त्याच्याविषयीं आपल्याला हवी ती माहिती त्याच्या रागानेंच मिळते.

पाटीवरील अक्षरांचाहि थोडा परिचय असावा. बी.डी.एस. हा एकंदर पांच वर्षांचा अभ्यास असून त्यांतील शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाचें असतें. त्यापुढें तीन वर्षें शिकून एम.डी.एस. होतात, तें मात्र एकेका विषयांत: कोणी दांताच्या मुळांचा उपचार करण्यांत, कोणी हिरड्यांच्या रोगांत, कोणी वांकडे दांत सरळ करण्यांत, कोणी कवळी बसविण्यांत, कोणी जबड्याच्या शस्त्रक्रियेंत, कोणी लहान मुलांच्या दांतांत. किडलेला दांत भरावयाचा, दांत साफ करावयाचे, साधी दाढ काढावयाची, एवढ्यासाठीं घराजवळचा बी.डी.एस. पुरेसा असतो, आणि आपल्या आवांक्याबाहेरचें काम आलें तर तो अमक्याकडे जा असें सांगतो कीं सारेंच स्वतः करूं पाहतो, यावरून त्याची पारख होते. मोठी पाटी, वातानुकूलित दालन आणि हंसऱ्या दांतांचीं भव्य चित्रें यांवरून ती होत नाहीं.

मग पारख करावी कशावरून? आम्ही दोनतीन गोष्टींवर भर देऊं. उपकरणें बंद पाकिटांतून आपल्यासमोर उघडलीं जातात काय? वाफेच्या दाबानें निर्जंतुक करण्याचें यंत्र दवाखान्यांत आहे काय, आणि दुसऱ्या रोग्याकडे वळतांना हातमोजे बदलले जातात काय? दुखणाऱ्या दांताचा क्ष-किरण फोटो काढून, तो आपल्याला दाखवून, पर्याय सांगितले जातात काय? आणि खर्चाचा अंदाज आधीं कागदावर लिहून मिळतो काय? मुळांचा उपचार, ज्याला सर्वत्र रूट कॅनाल म्हणतात, त्यांत दांताच्या पोटांतील सडलेला मगज काढून नळ्या स्वच्छ करतात, त्या गटापर्चा नांवाच्या चिवट पदार्थानें भरतात, आणि पुष्कळदां वर टोपी बसवितात. टोपीचा खर्च बहुधा निराळा असतो. तो आधीं विचारला नाहीं म्हणजे अर्ध्यावर आल्यानंतर घरांत कुरबूर सुरू होते, आणि दाढ तशीच उघडी राहून पुढें मोडते. दाढ मोडण्याला कुरबूर कारण झाली, असें एकाहून अधिक घरांत आम्हीं पाहिलें आहे.

जितकें दंतवैद्यास विचारावयाचें, तितकेंच त्याला सांगावयाचेंहि असतें, आणि येथें आपलीं घरें फार कमी पडतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची बदललेली झडप, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, हाडें ठिसूळ झाल्यामुळें घेतलेलीं औषधें वा इंजेक्शनें, हें सारें दाढ काढण्याच्या आधीं त्याला कळलें पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी आपल्याच मनानें बंद करून जाणें हें न सांगण्याइतकेंच धोक्याचें आहे. मधुमेहाचें आणि हिरड्यांचें तर एकमेकांशीं वैर आहे; साखर वाढली कीं हिरड्या सुजतात, आणि हिरड्यांचा रोग वाढला कीं साखर आटोक्यांत राहत नाहीं. आणखी एक. सुनेला दिवस गेले असतां तीन महिने कोणाला सांगावयाचें नाहीं, असा पुष्कळ ठिकाणीं संकेत आहे. तो जावांना, नणंदांना, वाड्यांतील मंडळींना लागूं असूं द्या. दंतवैद्याच्या खुर्चींत मात्र तो पाळूं नये. गरोदरपणांत दांतांवर उपचार करतां येतात, चौथ्या ते सहाव्या महिन्यांत ते विशेष सोयीचे पडतात. फक्त तें त्याला ठाऊक असावें लागतें. सासूबाई शेजारीं बसल्या असल्यामुळें एखादी मुलगी खरें सांगत नसेल, तर सासूबाईंनीं थोडा वेळ बाहेर बसावें.

‘घराजवळचा’ या शब्दावर आम्ही जो जोर देतों तो उगाच नाहीं. रूट कॅनालला दोनतीन खेपा पडतात. कवळीला त्याहूनहि अधिक. शहराच्या दुसऱ्या टोंकाचा नामांकित डॉक्टर शोधला तर पहिल्या खेपेला सारें घर बरोबर निघतें, दुसऱ्या खेपेला मुलगा येतो, आणि तिसऱ्या खेपेला आजोबांचें ‘आतां बरें वाटतें’ सुरू होतें. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर असून उद्वाहक नसला तर गुडघे धरलेल्या माणसाला तो असून नसून सारखाच. आणि एक प्रसंग असा आहे कीं जेथें जवळपणाखेरीज दुसरें कांहींच उपयोगी पडत नाहीं. खेळतांना पडून मुलाचा पुढचा कायमचा दांत मुळासकट निघून आला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावूं नये, माती लागली असल्यास हलकेच धुवावा, घासूं नये, दुधाच्या पेल्यांत टाकावा आणि तसाच मुलाला घेऊन दंतवैद्याकडे धांवावें. अर्ध्या तासांत तो जागेवर बसला तर जगण्याची आशा पुष्कळ असते. तास उलटला कीं ती झपाट्यानें कमी होते. (दुधाचा दांत असला तर तो पुन्हां बसवीत नाहींत, पण तो कोणता हें ठरविण्यासाठींहि दंतवैद्यच लागतो.)

ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाहीं त्यांनीं दंतमहाविद्यालयांची वाट धरण्यास कचरूं नये. मुंबईला १९३३ पासून चालत आलेलें नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय आहे; मुंबई, नागपूर आणि छत्रपति संभाजीनगर येथें सरकारी दंतमहाविद्यालयें आहेत. तेथें विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखालीं काम करतात, वेळ अधिक लागतो, पैसा पुष्कळ कमी लागतो. विद्यार्थी काय शिकावयास आपलाच दांत घेणार, ही भीति निराधार आहे. घाईंत असलेल्या नामांकितापेक्षां पाठीशीं गुरु उभा असलेला विद्यार्थी कित्येकदां अधिक जपून काम करतो.

आतां दुसरी यादी. आपल्या सुशिक्षित घरांत ‘आमचा मेडिक्लेम आहे’ हें वाक्य ‘आमच्याकडे विहीर आहे’ या थाटांत उच्चारलें जातें. विहिरींत पाणी किती, हें कोणी वांकून पाहत नाहीं. दांतांच्या बाबतींत तर बहुतेक ठिकाणीं तळ कोरडा असतो. आपल्याकडील सर्वसाधारण आरोग्य विमा रुग्णालयांत दाखल होण्यासाठीं असतो. बाह्यरुग्ण म्हणून खुर्चींत बसून केलेलें दांत भरणें, रूट कॅनाल, टोपी, कवळी हें तो देत नाहीं. अपघातामुळें जबड्याला किंवा दांतांना इजा होऊन रुग्णालयांत दाखल व्हावें लागलें, तर मात्र बहुतेक पॉलिसींत तो खर्च मिळतो. २०२० सालीं सर्व कंपन्यांना एकाच नमुन्यावर द्यावयास लावलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही पॉलिसी आहे. तींत रोगामुळें वा इजेमुळें आवश्यक झालेला दंतोपचार धरलेला आहे, परंतु तोहि रुग्णालयांतील खर्चाचा भाग म्हणून. कांहीं कंपन्या जादा हप्ता घेऊन बाह्यरुग्ण उपचारांची जोड देतात. तींत दांत येतात काय, वर्षाची मर्यादा किती, आणि ठराविक दंतवैद्यांकडेच जावें लागतें काय, हें पाहून मगच ती घ्यावी. जादा हप्ता आणि जास्तींत जास्त मिळणारी रक्कम यांची वजाबाकी करून पाहिली तर कधीं कधीं हंसूं येतें.

हें सारें पन्नास पानांच्या पॉलिसींत बारीक टाइपांत असतें, आणि तें कोणी वाचावें अशी अपेक्षा करणें क्रूरपणाचें होईल. सुदैवानें १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक कंपनीनें सोप्या भाषेंत एक ‘ग्राहक माहितीपत्रक’ द्यावें, आणि विमेदारानें इच्छा दर्शविल्यास तें स्थानिक भाषेंत द्यावें, असा विमा नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे. मराठींत मागावें. मराठींत मागणारे थोडे म्हणून तें मिळण्यास उशीर होतो, आणि उशीर होतो म्हणून मागणारे थोडे, हें चक्र आपल्यासारख्या घरांनींच मोडलें पाहिजे.

परंतु पॉलिसींत काय बसतें याहूनहि आधींचा प्रश्न, पॉलिसींत कोण बसतें, हा आहे. आमच्या परिचयाच्या एका घरांत नवीन लग्न झालेली मुलगी दुचाकीवरून पडली. खालचा जबडा दोन ठिकाणीं मोडला आणि चार दांत गेले. नवऱ्याच्या कचेरीचा सामुदायिक विमा होता, अपघाताचा दाखला होता, रुग्णालयहि कंपनीच्या यादींतलें होतें. फक्त तिचें नांव नव्हतें. लग्नानंतर ठरलेल्या मुदतींत कचेरीला कळवावयाचें असतें, तें सत्कार, देवदर्शन आणि सत्यनारायण यांच्या गर्दींत राहून गेलें; मग ‘आतां पुढच्या नूतनीकरणाला घालूं’ असें ठरलें. माहेरच्या पॉलिसीचें नूतनीकरण करतांना तिच्या वडिलांनीं ‘ती आतां त्यांच्या घरची’ म्हणून तिचें नांव काढलेलें होतें. दोन सुखवस्तु घरांच्या मध्यें ती मुलगी अशी उघडीच राहिली. तिच्या सासऱ्यांनीं ठेव मोडून खर्च केला, त्याबद्दल एक शब्दहि काढला नाहीं. परंतु ती मुलगी मात्र पुढें कित्येक महिने कवळीचें नांव काढीना, पैसे आपल्यामुळें गेले म्हणून. विमा नियामकानें २०२४ सालीं असें ठरविलें आहे कीं कॅशलेस उपचाराची विनंति आली म्हणजे कंपनीनें एका तासांत निर्णय द्यावा. पण तो तास ज्याचें नांव यादींत आहे त्याचा.

लग्न हें अशा घोटाळ्यांचें सर्वांत मोठें कारण आहे असें आम्हांस वाटतें. मुलीचें नांव आधारपत्रावर माहेरचें, बँकेंत सासरचें, आणि विम्यांत कोणीतरी हौसेनें घातलेलें लग्नांत ठेवलेलें नवें नांव. तिन्ही एकाच व्यक्तीचीं, हें सासरच्या ओट्यावर सर्वांना ठाऊक असतें. कंपनीच्या यंत्राला तें ठाऊक नसतें. नांव बदलावें कीं नाहीं हा ज्या त्या मुलीचा प्रश्न आहे, पण जें ठेवावयाचें तें सर्व कागदांवर एकच असावें. त्याच जातीचा दुसरा घोटाळा वृद्धांच्या जन्मतारखेचा. आजोबांची पत्रिकेंतील तिथि निराळी आणि शाळेंत मास्तरांनीं सोयीची म्हणून लिहिलेली १ जून निराळी. कोणती खरी हा वाद घरांत रंगूं द्यावा. विम्याच्या कागदांत मात्र आधारपत्रावरचीच असूं द्यावी. आणि बाळासाहेब, ताई, अण्णा हीं नांवें तर अर्जांत कधींहि घालूं नयेत, मग एजंट घरचाच असला तरी.

तपासणें अवघड नाहीं. कचेरीचा विमा असेल तर तेथून, अन्यथा कंपनीच्या किंवा तिनें नेमलेल्या मध्यस्थ संस्थेच्या मोबाइल-सेवेवरून प्रत्येक व्यक्तीचें ओळखपत्र काढून घ्यावें. माणसें अकरा असलीं तर ओळखपत्रें अकरा हवींत. प्रत्येकावरील नांव, जन्मतारीख, नातें, विम्याची रक्कम आणि मुदत संपण्याची तारीख मूळ कागदाशीं ताडून पाहावी. नवी पॉलिसी हातीं आल्यापासून ३० दिवस ती परत करण्याची मुभा असते. हें ताडणें त्या अवधींतच उरकावें. चूक आढळली तर लेखी कळवून लेखी दुरुस्तीपत्र घ्यावें. ‘काळजी करूं नका, होऊन जाईल’ हें एजंटाचें वाक्य दुरुस्तीपत्र नव्हे. पहिले ३० दिवस अपघाताखेरीज कशालाहि पैसे मिळत नाहींत, आणि आधींपासून असलेल्या आजारांसाठीं ३६ महिन्यांपर्यंत थांबावें लागूं शकतें. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवूं नये. नोकरी सुटली किंवा निवृत्ति आली कीं कचेरीचा विमा बहुधा तेथेंच संपतो. निरोपसमारंभाच्या शालीश्रीफळाबरोबर हें कोणी सांगत नाहीं.

केंद्र सरकारच्या निवृत्त नोकरांची गोष्ट थोडी निराळी. १९५४ सालीं दिल्लींत सुरू झालेली त्यांची आरोग्य योजना मुंबई, पुणें आणि नागपूर येथें आहे. तींत दंतोपचार मिळतात आणि कांहीं खासगी दंतचिकित्सालयेंहि मान्य केलेलीं असतात. ही यादी बदलत असते, तेव्हां मागच्या वर्षीं मान्य असलेलें यंदा आहे काय, हें जाण्यापूर्वीं विचारून घ्यावें. मुलाचें नांव २५ वर्षांपर्यंतच राहतें, आणि तो त्याआधीं कमावता झाला किंवा त्याचें लग्न झालें तर तेव्हांच संपतें; बऱ्याच घरांत तें नांव तसेंच आहे या भ्रमावर दिवस चाललेले असतात. ज्यांना सत्तर वर्षें पुरीं झालीं आहेत अशा सर्वांना, उत्पन्न कितीहि असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर वर्षाला पांच लाखांपर्यंतचें रुग्णालयांतील उपचारांचें संरक्षण मिळूं लागलें आहे. आपण मध्यमवर्गीय, आपल्याला सरकारी योजना कशी मिळेल, असें समजून ज्या घरांनीं तें कार्ड काढलेलें नाहीं त्यांनीं तें काढावें. मात्र खुर्चींत बसून दांत भरून घेणें त्यांतहि येत नाहीं.

परदेशीं मुलांकडे सहा महिने जाणाऱ्या आईवडिलांनीं दांतांची सारी दुरुस्ती निघण्याच्या निदान दोन महिने आधीं येथेंच करून घ्यावी. प्रवासविम्यांत दांताच्या नांवावर बहुधा अकस्मात उठलेली कळ थांबविण्यापुरतेंच पैसे असतात. अमेरिकेंत दांतांचा विमा इतर आरोग्यविम्याहून वेगळा असतो. आणि मुलगा तेथें नोकरीला असला तरी त्याच्या दांतांच्या विम्यांत आईवडिलांचें नांव सहसा बसत नाहीं. तेथें कायम राहणाऱ्या वृद्धांसाठीं जो मेडिकेअर नांवाचा सरकारी विमा आहे, त्याच्या मूळ स्वरूपांत नेहमींचे दंतोपचार येत नाहींत. तेथील आपल्या मुलांनीं स्वतःपुरतें तरी हें पाहावें कीं नोंदणीच्या वार्षिक मुदतींत बायकोमुलांचीं नांवें दांतांच्या विम्यांत निराळीं घातलीं आहेत काय, आणि ज्या दंतवैद्याकडे जातों तो त्या कंपनीच्या जाळ्यांत आहे काय. हें दवाखान्यालाहि विचारावें आणि कंपनीलाहि. दोघांचें उत्तर एक आलें म्हणजे मगच खुर्चींत बसावें.

एवढें करूनहि कंपनीनें अन्यायानें नकार दिला तर गप्प बसूं नये. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी लिहावें. एका महिन्यांत समाधान झालें नाहीं तर विमा लोकपालाकडे जातां येतें. त्याचीं कार्यालयें मुंबई व पुणें येथें आहेत, फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तेथें चालतात. मात्र नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आंत जावें लागतें. विमा नियामकाचा १५५२५५ हा दूरध्वनि क्रमांकहि घरांत सर्वांना माहीत असावा.

राहतां राहिला नेहमींचा खर्च, जो विमा देत नाहीं. त्यासाठीं दरमहा थोडी रक्कम निराळी टाकावी आणि ती घरांतील स्त्रीच्या स्वाधीन असावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. म्हणजे दाढ दुखतांना तिला कोणापुढें विषय काढावा लागणार नाहीं. दंतवैद्याचें नांव, त्याचा नोंदणी क्रमांक, दूरध्वनि, प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक आणि आजोबांच्या गोळ्यांचीं नांवें एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा. दंतवैद्याचा दवाखाना कोणत्या वारीं बंद असतो हेंहि त्यावर असावें. आणि तो दिवाळींत गांवीं जातो काय, व गेला तर त्याच्या जागीं कोण बघतो, हें आश्विनाच्या आरंभींच विचारून ठेवावें. कारण चकली दाढेनें फुटते आणि दाढ चकलीनें, असा अनुभव बहुधा लक्ष्मीपूजनाच्या रात्रींच येतो.